तिसरी खूण : गॅरेट मॉर्गनचे चरित्र

वाहतुकीच्या सिग्नलचा शोध कोणी लावला, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत आला की हुशार विद्यार्थी गॅरेट मॉर्गन असे नाव लिहून मोकळा होतो. अनेक पुस्तकांतही तसेच छापलेले आढळते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. चौकात गाड्या थांबविणारी खूण मॉर्गनच्या जन्मापूर्वीच लंडन शहरात उभी राहिली होती. मॉर्गनने जे केले ते निराळे होते, आणि रस्ता पायी ओलांडणाऱ्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचे होते. एका रस्त्याला थांबा आणि दुसऱ्या रस्त्याला जा, या दोन आज्ञांच्या मधोमध त्याने तिसरी आज्ञा घातली : आता सर्वांनीच थांबावे. ही तिसरी आज्ञा देणाऱ्या पुरुषाचे चरित्र विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही वाचावे असे आहे.

गॅरेट ऑगस्टस मॉर्गन याचा जन्म ४ मार्च १८७७ रोजी अमेरिकेतील केंटकी संस्थानात झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली ती १८६५ साली. म्हणजे त्या गोष्टीस तेव्हा अवघी बारा वर्षे झाली होती. त्याच्या आईवडिलांनी गुलामगिरीचे दिवस प्रत्यक्ष भोगले होते. अकरा भावंडांत गॅरेट सातवा. घरी शेतीचे काम आणि त्यातून सवड मिळेल तेव्हा शाळा, असा त्याचा बाळपणीचा क्रम होता. प्राथमिक शिक्षणापलीकडे त्याची मजल गेली नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने घर सोडले आणि ओहायो संस्थानातील सिन्सिनाटी शहर गाठले. तेथे एका जमीनदाराच्या पदरी तो पडेल ते काम करी. मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरीतून त्याने खर्च कशावर केला, तर एका शिक्षकावर! स्वतःच्या पैशाने शिकवणी लावून तो इंग्रजीचे व्याकरण शिकला. भाषा शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट पुढच्या साऱ्या शोधांइतकीच महत्त्वाची वाटते. पुढे स्वतःच्या यंत्राचे वर्णन नेमक्या शब्दांत करण्याचा प्रसंग त्याच्यावर वारंवार यावयाचा होता.

१८९५ साली तो क्लीव्हलंड शहरी आला आणि जन्मभर तेथेच राहिला. हे शहर एरी नावाच्या समुद्रासारख्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी वसले आहे. तेथे तयार कपड्यांचे मोठे कारखाने होते. मॉर्गनला त्यांपैकी एकात झाडलोटीचे काम मिळाले. झाडू मारता मारता त्याचे लक्ष शिवणयंत्रांकडे असे. कोणते चाक कशाने फिरते, दोरा का तुटतो, पट्टा का निसटतो, हे पाहून पाहून तो यंत्रे दुरुस्त करू लागला. आणि १९०१ साली शिवणयंत्राचा पट्टा घट्ट जोडण्याची एक युक्ती काढून त्याने ती विकली. १९०७ साली त्याने स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. पुढच्याच वर्षी मेरी हासेक हिच्याशी त्याचा विवाह झाला. ती युरोपातून आलेली, शिवणकामात निपुण अशी गोरी स्त्री होती. दोघांनी मिळून कपडे शिवण्याचा कारखाना घातला आणि तेथे ३२ माणसे कामाला लावली.

याच काळातील एक गमतीची हकीकत सांगतात. लोकरीचे कापड शिवताना सुई तापून कापड करपे. तसे होऊ नये म्हणून मॉर्गन सुईला लावण्याचे एक द्रव्य तयार करीत होता. जेवणास उठताना त्याने हात केसाळ कापडाच्या तुकड्यास पुसले. परत येऊन पाहतो तो त्या कापडाचे कुरळे केस सरळ झालेले! शेजाऱ्याच्या कुत्र्यावर त्याने तो प्रयोग करून पाहिला आणि मग स्वतःच्या डोक्यावर. केस सरळ करण्याचे हे मलम खूप खपले, आणि त्याच्या उत्पन्नामुळे मॉर्गनला पुढच्या शोधांसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही.

१९११ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क शहरी एका कपड्यांच्या कारखान्यास आग लागून १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. शिवणकामाच्या धंद्यातील प्रत्येक माणसाच्या काळजाचे पाणी करणारी ती वार्ता होती. पुढच्याच वर्षी मॉर्गनने धुरापासून रक्षण करणाऱ्या टोपाच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९१४ साली त्यास ते मिळाले. त्यामागील तत्त्व साधे आहे. आगीचा धूर तापलेला असल्यामुळे वर चढतो. जमिनीलगतची हवा त्या मानाने थंड आणि स्वच्छ राहते. म्हणून मॉर्गनने डोके पूर्ण झाकणाऱ्या टोपास एक लांब नळी जोडली. तिचे टोक जमिनीपर्यंत लोंबे आणि त्यात ओला बोळा बसविलेला असे, म्हणजे आत येणारी हवा गाळून व थंड होऊन येई.

टोप उत्तम होता; पण एका काळ्या माणसाने केलेली वस्तू गोरे गिऱ्हाईक घेईना, विशेषतः दक्षिणेकडील संस्थानांत. तेव्हा मॉर्गनने एक नाटक रचले. एका गोऱ्या नटाला त्याने संशोधक म्हणून पुढे उभे केले आणि आपण स्वतः अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एक असल्याचे सोंग घेतले. तंबूत डांबर, गंधक इत्यादी जाळून गुदमरविणारा धूर करावयाचा, मॉर्गनने टोप घालून आत शिरावयाचे, वीस मिनिटे आत राहावयाचे आणि हसतमुखाने बाहेर यावयाचे. टाळ्या पडत त्या त्या नटाला. स्वतःची बुद्धी स्वतःच लपवून विकावी लागणे, याहून मोठी विटंबना मला तरी दिसत नाही. मॉर्गनने ती सोसली, कारण टोप अग्निशामक दलांपर्यंत पोचणे त्यास अधिक महत्त्वाचे वाटत होते.

मग २४ जुलै १९१६ ची रात्र आली. क्लीव्हलंडला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून एरी सरोवराच्या तळाखालून बोगदा खणण्याचे काम चालू होते. खणता खणता जमिनीत कोंडलेला वायू सुटला, भयंकर स्फोट झाला आणि आतले मजूर तेथेच अडकले. बालाघाटच्या वाचकांना हे चित्र समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या शेजारची भरवेलीची मँगनीजची खाण ही आशियातील सर्वांत खोल अशी भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. पाळीवर गेलेला माणूस वर येईपर्यंत घरच्यांचा जीव कसा टांगणीला लागतो, हे येथील कित्येक घरांना ठाऊक आहे. मजुरांना सोडविण्यासाठी एकामागून एक दोन तुकड्या बोगद्यात उतरल्या आणि विषारी वायूने त्यांतीलही अनेक जण पडले. तेव्हा कोणाला तरी मॉर्गनच्या टोपाची आठवण झाली. मध्यरात्र उलटल्यावर त्यास निरोप गेला. अंगावरच्या झोपण्याच्या कपड्यांनिशीच तो टोप घेऊन धावला, आणि आपला भाऊ फ्रँक यालाही त्याने बरोबर घेतले. जमलेल्या लोकांचा त्या टोपांवर विश्वास बसेना. दोघे भाऊ आणि त्यांच्याबरोबर जाण्यास तयार झालेले इनमीन दोघे, असे ते खाली गेले. काही वेळाने मॉर्गन एका माणसाला पाठीवर घेऊन वर आला आणि पुन्हा उतरला. बोगद्याच्या कामावरील अधिकारी, जो स्वतः मजुरांना सोडविण्यास गेला होता, तोही अशा रीतीने जिवंत वर आला. एकंदरीत सुमारे वीस माणसे त्या दुर्घटनेत दगावली.

नगरातील काही सज्जनांनी पुढच्या वर्षी मॉर्गनला हिरे जडविलेले सुवर्णपदक दिले. परंतु शौर्यासाठी पदके देणाऱ्या एका मोठ्या निधीने त्या रात्रीच्या इतर वीरांचा गौरव केला आणि मॉर्गनला मात्र वगळले. वर्तमानपत्रांतील छायाचित्रांवरून टोपाचा खरा कर्ता काळा आहे हे दक्षिणेत कळले, तेव्हा काही ठिकाणच्या मागण्या रद्द झाल्या. प्राण वाचविणाऱ्या साधनाचाही रंग पाहणारी माणसे असतात, हे त्या वेळी दिसले. असो.

आता चौकाकडे वळू. फोर्डच्या कारखान्यातून १९०८ पासून बाहेर पडू लागलेली स्वस्त मोटार १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या घराघरांत पोचली होती. रस्ते मात्र जुनेच होते. त्याच रस्त्यावर घोडागाड्या, ट्रामगाड्या, सायकली, हातगाड्या आणि पायी चालणारी माणसे यांची एकच गर्दी उसळे. मॉर्गनजवळही स्वतःची मोटार होती. आपल्या गावात मोटार बाळगणारा तो पहिला कृष्णवर्णीय असे म्हणतात. एकदा मोटार आणि घोडागाडी यांची भीषण टक्कर त्याने डोळ्यांनी पाहिली, आणि तेव्हापासून चौकाचा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला अशी हकीकत आहे.

त्यापूर्वी या दिशेने काय झाले होते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. लंडनमध्ये पार्लमेंटजवळ १८६८ सालच्या डिसेंबरमध्ये जॉन पीक नाइट या रेल्वेच्या अभियंत्याने रेल्वेसारखीच हात वरखाली करणारी खूण उभारली. रात्री तिच्यावर गॅसचे तांबडे-हिरवे दिवे लागत. पायी जाणाऱ्यांस रस्ता ओलांडता यावा हाही तिचा एक हेतू होता. पण २ जानेवारी १८६९ रोजी गॅसचा भडका उडून ती चालविणारा पोलीस भाजला, आणि तो प्रयोग तेथेच संपला. पुढे विजेचा सिग्नल ५ ऑगस्ट १९१४ रोजी लागला तो मॉर्गनच्या क्लीव्हलंडमध्येच. त्यात तांबडा आणि हिरवा असे दोनच दिवे होते. दिवा बदलण्यापूर्वी घंटीसारखा आवाज होई. १९२० साली डेट्रॉइट शहरी विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने मध्ये पिवळा दिवा घातला. मॉर्गनने आपला अर्ज केला १९२२ च्या फेब्रुवारीत, आणि २० नोव्हेंबर १९२३ रोजी त्यास १४,७५,०२४ क्रमांकाचे पेटंट मिळाले.

त्याचे यंत्र दिसावयास अगदी साधे होते. इंग्रजी टी अक्षरासारखा खांब, त्यास फिरणारे हात, आणि पोलिसाने फिरवावयाचा दांडा. दांडा एका बाजूस फिरविला की एक रस्ता मोकळा व दुसरा बंद. दुसऱ्या बाजूस फिरविला की उलट. या दोहोंच्या मध्ये हात वर जाऊन चारी दिशांना थांबण्याची खूण होई. चौकात अर्ध्यावर आलेल्या गाडीस निघून जाण्यास वेळ मिळावा, आणि उतावीळ गाडीवानाने खूण बदलताक्षणी पुढे उडी मारू नये, हा त्यातील हेतू. आणि सारा चौक असा क्षणभर स्तब्ध झाला म्हणजे कडेला ताटकळणाऱ्या पादचाऱ्यालाही वाट मिळे. रात्री पोलीस घरी गेल्यावर हात अर्ध्या उंचीवर ठेवीत. त्याचा अर्थ, जपून जा. विजेची तार नको, मोठा खर्च नको. या यंत्राचे हक्क त्याने जनरल इलेक्ट्रिक कंपनीस ४०,००० डॉलरना विकले असे सांगितले जाते.

मॉर्गनचा दांडा केव्हाच इतिहासजमा झाला. त्याने मध्ये घातलेला तो थांबा मात्र आजच्या सिग्नलमध्ये जिवंत आहे. एका बाजूचा तांबडा लागल्यावर दुसऱ्या बाजूचा हिरवा लगेच लागत नाही. मध्ये एक-दोन सेकंद चारी बाजूंस तांबडेच असते. या क्षुल्लक दिसणाऱ्या वेळेचे गणित करून पाहावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. चौक २२ मीटर रुंद असेल तर शेवटच्या क्षणी आत शिरलेल्या गाडीला बाहेर पडण्यास पुरते दोन सेकंद लागतात. तेवढ्यात कोणी झेब्रा पट्ट्यावर पाऊल टाकले तर काय होईल, हे सांगावयास नको.

पायी चालणाऱ्याचे गणित याहून नाजूक आहे. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे अभियंते साधारणपणे धरतात. या हिशेबाने १२ मीटर रुंद रस्ता ओलांडण्यास १० सेकंद पुरेत. परंतु हातात काठी असलेली आजी किंवा लहान भावाचे बोट धरून चाललेली मुलगी सेकंदाला ०.८ मीटरच चालेल. तिला त्याच रस्त्यासाठी १५ सेकंद हवेत. सिग्नल दहा सेकंदांत बदलला तर ती रस्त्याच्या दोन तृतीयांशावर, दोन्हीकडच्या गाड्यांच्या मध्ये उभी असेल. चूक तिची नसते. घड्याळ लावताना तिच्या पायांचा हिशेब कोणी केलेला नसतो. शाळा सुटण्याच्या वेळी काळी पुतळी चौकातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी वडीलमाणसांसह कडेला सुरक्षित उभे राहून, मनगटावरील घड्याळात पाहून, धाकट्या मुलांना रस्ता पार करण्यास किती सेकंद लागतात हे मोजावे. गणिताच्या तासाला त्याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

वेळ वाढवीत नेली की सर्व ठीक होते, असेही नाही. पादचाऱ्याला फार वेळ तिष्ठत ठेवले, अर्ध्या मिनिटाहून अधिक, तर तो अधीर होतो आणि तांबडा असतानाच पळू लागतो. म्हणून पाळ्या आखूड असाव्यात, आणि त्यांतही चालणाऱ्याचा वाटा पुरेसा असावा, अशी दुहेरी कसरत अभियंत्याला करावी लागते. अनेक शहरांत आता गाड्यांना हिरवा मिळण्यापूर्वी तीन ते सात सेकंद आधी पादचाऱ्यांना हिरवा देतात. वळणाऱ्या गाडीवानास मग माणूस रस्त्याच्या मध्यावर स्पष्ट दिसतो आणि तो आपोआप थांबतो. टोकियो शहरातील शिबुया चौकात तर ठरावीक वेळी सर्व दिशांच्या गाड्या थांबवितात आणि माणसे सरळ, आडवी, तिरपी, मनास येईल तशी रस्ता ओलांडतात. चारी बाजूंस एकदम थांबा म्हणणारी मॉर्गनची ती तिसरी खूण येथे मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते.

हाती पैसा आल्यावर मॉर्गन केवळ सुखात लोळत पडला नाही. आपल्या समाजाची बाजू मांडणारे क्लीव्हलंड कॉल नावाचे वर्तमानपत्र त्याने १९२० साली सुरू केले होते. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या क्रीडामंडळांत प्रवेश नसे, म्हणून त्याने वेकमन येथे जमीन घेऊन त्यांच्यासाठी स्वतंत्र मंडळ उभारले. १९३१ साली तो नगरपालिकेच्या निवडणुकीस उभा राहिला आणि पडला. निवडून आला असता तर चांगले झाले असते असे मला वाटते. गावच्या चौकांचा इतका बारकाईने विचार केलेली माणसे नगरपालिकांत फारशी आढळत नाहीत.

१९४३ च्या सुमारास काचबिंदूने त्याची दृष्टी जवळजवळ गेली. ज्या माणसाने लांबून दिसेल अशी खूण चौकात उभी केली, त्याला ती खूण दिसेनाशी झाली. आज कित्येक देशांत पादचाऱ्यांचा हिरवा लागला की टिकटिक असा आवाज होतो, आणि अंध मनुष्य त्या आवाजावर विसंबून रस्ता ओलांडतो. मॉर्गनच्या काळी ती सोय सर्वत्र झालेली नव्हती. तो मात्र अंधारातही नवनवे बेत करीतच होता. पेटलेली सिगारेट हातातून गळून घरे जळतात, म्हणून तिच्या टोकाशी पाण्याची इवलीशी गोळी बसवून ती आपोआप विझावी, अशी योजना त्याने म्हातारपणी आखली होती.

२७ जुलै १९६३ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी क्लीव्हलंड येथे त्याचे निधन झाले. गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेस शंभर वर्षे झाल्यानिमित्त शिकागो येथे त्याच्या कार्याचा जो गौरव झाला, तो त्यानंतर अवघ्या महिन्याभराने, ऑगस्टमध्ये. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक गौरवदालनात त्याचे नाव दाखल झाले. त्यापूर्वी १९९१ साली क्लीव्हलंड नगराने आपल्या जलशुद्धीकरण केंद्रास गॅरेट मॉर्गन याचे नाव दिले. ज्या एरी सरोवराच्या तळाखाली तो टोप घालून उतरला होता, त्याच सरोवराचे पाणी त्या केंद्रात शुद्ध होऊन शहरातील नळांना जाते.